फेलोशिपचे शेवटचे दोन महिने

रात्रीचे अडीच. चार नंबर बेडचं बाळ आता व्हेंटिलेटरवर स्थिर आहे. ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज. हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात सोडलेल्या ऑक्सिजनवर भागेल असं संध्याकाळपर्यंत वाटत होतं, नाही भागलं. श्वासनलिकेत नळी मी टाकली. सर मागे उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

फेलोशिपचं प्रशिक्षण संपत आलंय, नोकरी शोधतेय. दुपारी दुसरी मुलाखत झाली. सहा बेडचं पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग), कन्सल्टंट एकच, म्हणजे मी. 'रात्रीचे कॉल कोण घेणार?' असं विचारल्यावर समोरचे नुसते हसले. बेड रिकामे असतील तेव्हा ओपीडीही बघायची म्हणे. पहिली मुलाखत मोठ्या केंद्रातली. तिथे एक्मो (हृदय-फुप्फुसाचं काम शरीराबाहेर करणारं यंत्र), हृदयशस्त्रक्रिया, सगळं आहे. पण करार वर्षाचा आणि कोणी सोडून गेल्याशिवाय कायमची जागा निघत नाही.

'आयसीयूचा डॉक्टर कधी रिकामा बसतो का?' असं घरचे म्हणतात. बसत नाही, खरंय. पण आमचं काम एकट्या डॉक्टरवर चालत नाही. नर्स नसली की बेड बंद, बेड बंद की डॉक्टरची जागाही गेली. त्यामुळे पगाराआधी मी हल्ली रात्रपाळीला किती नर्स असतात ते विचारते. (उत्तर द्यायला वेळ लागला, की काय ते कळतं.)

1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास देत होते. अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथली. पुढे लसींनी पोलिओ जवळपास हटवला, हिब या जिवाणूवरच्या लसीने मेंदूज्वराची कितीतरी मुलं आमच्यापर्यंत येऊच दिली नाहीत. फार चांगलं झालं. हाय-फ्लोमुळेही बरीच बाळं नळीवाचून निभावतात. पण सहा बेडच्या युनिटात महिना महिना एकही इंट्यूबेशन, म्हणजे नळी टाकणं, झालं नाही तर माझ्या हाताचं काय? रात्रीच्या कॉलपेक्षा मला त्याची धास्ती जास्त आहे. तिथे मागे सरही नसणार.

तरी मन त्याच युनिटकडे ओढ घेतंय. दोन अटींचा मेल लिहून ठेवलाय: दुसरा कन्सल्टंट नेमा, आणि वर्षातून एक महिना मला मोठ्या केंद्रात काम करायला सोडा. सकाळी हँडओव्हर झाल्यावर पाठवेन. अडीच वाजता पाठवला तर म्हणतील, ही रात्री जागीच असते, मग दुसरा डॉक्टर कशाला?