अपचं करायचं काय

दुपारी लोळत इंग्रजी सिरीयल बघत होतो, खाली सबटायटल आलं की अलार्म 'वेंट ऑफ' आणि त्याबरोबर हिरो दचकून उठला. ऑफ झाला तर बंद व्हायला हवा ना? तर नाही, वाजला. लाइट 'वेंट ऑफ' म्हणजे मात्र खरंच गेले. बॉम्ब असेल तर फुटला आणि दूध असेल तर नासलं. कमाल आहे, एवढ्याशा ऑफनं करायचं तरी काय काय!

शाळेत बाई फळ्यावर वर 'पुट' लिहायच्या आणि खाली ऑन, ऑफ, आउट, अप विथ अशी रांग. वहीत मधोमध पट्टीनं लाल रेघ, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. पुट ऑफ पुढे ढकलणे, पुट आउट विझवणे, पुट अप विथ सहन करणे, सगळं पाढ्यांसारखं पाठ, आणि पेपरात नेमकं पुढे ढकलायचं ते विझायचं.

माझं मत विचाराल तर ही सगळी उलटी पद्धत आहे, शेपटीकडून, म्हणजे क्रियापदामागच्या ऑफ-अपकडून बघावं. ईट अप, यूज अप, ड्राय अप, सगळीकडे अप म्हणजे पार संपवणं, किती छान! मग लुक अप, म्हणजे डिक्शनरीत शब्द शोधणं, येतं आणि पुन्हा बोंब. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या लोकांची सगळ्यात जास्त पंचाईत या शेपटीवाल्या क्रियापदांपाशीच होते. म्हणजे इंग्रजांना तेव्हापासून माहितीये!

आणि ते 'इट'चं लाडावलेपण. टर्न ऑफ द लाइट म्हणा, टर्न द लाइट ऑफ म्हणा, दोन्ही चालतं, पण इट आलं की त्याला मध्येच बसायचं असतं, टर्न इट ऑफ. तेच लुक आफ्टरमध्ये मात्र कुणालाच मध्ये घुसू देत नाहीत.

तसे आपणही काही साधे नाही म्हणा. 'बघतो' म्हटलं तर ठीक, 'बघून घेतो' म्हटलं की समोरचा दोन पावलं मागे. बोलून टाकलं, बोलून गेलो, बोलून बसलो, तिन्हीत बोलणं तेच पण नंतरची झोप वेगळी. ऑफिसात एकजण मराठी शिकतोय, त्यानं परवा विचारलं, 'बोलून बसलो' म्हणजे आधी उभा होतास का?

नव्हतो. पण बसतो आपण, आता काय सांगणार.