हंगामापुरता विद्यार्थी

आपल्या शाळेच्या पटावर मी वर्षातले निम्मेच महिने असायचो. आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला मायबाप दसऱ्यानंतर इकडं पंचगंगेकाठी ऊसतोडीला यायचे, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. 1994 साली सहामाही होऊन गेल्यावर मी पाचवीत येऊन बसलो. दाखला नसतानाही हेडमास्तरांनी बसू दिलं, हे उपकार मोठे.

तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. वर्गात माझं नावही तेच पडलं. पहाटे फडात मोळ्या बांधू लागायचो, त्यामुळं अंगाला उसाची कूस, ती टोचरी बारीक लव, लागलेली असायची. माझ्या शेजारी बस्करपट्टीवर कुणी बसत नसे. फार लागायचं मनाला. मायला सांगत नव्हतो. ती भाकरी थापता थापता डुलक्या घेत असायची.

माय अड्ड्यावर, म्हणजे आमच्या टोळीच्या मुक्कामाच्या जागी, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकायची. गावातले लोक म्हशींसाठी न्यायचे. एकदा माझ्याच वर्गातला मुलगा सायकलवर आला, साऱ्या शाळेला हुशार म्हणून माहीत असलेला. मी कोपीत, आमच्या झोपडीत, लपलो, तर मायनं मलाच हाक मारली. त्यानं काही विचारलं नाही. कॅरियरला पेंड्या आवळताना दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, इतकंच. दुसऱ्या दिवशी दप्तर उचलून तो माझ्या पट्टीवर येऊन बसला.

त्याचं नाव लिहीत नाही, त्यानंच बजावलंय. पण कार्बनचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडी भरायची असली की माझे सकाळचे तास बुडायचे. त्याचे वडील दूध संस्थेत पावत्या फाडायचे. तिथले वापरलेले निळे कार्बन वहीत घालून तो गणित, इंग्रजी सगळं दाबून लिहायचा. खालची प्रत माझी. कार्बन झिजला की अक्षर पुसट उमटायचं. मग संध्याकाळी वाढे न्यायला आला की कोपीतल्या चिमणीपुढं बसून तो ते गिरवून द्यायचा. माय त्याला बाजरीची भाकरी वाढायची. त्याला शाळूची सवय, तरी आवडीनं खायचा.

सातवीनंतर मुकादम बदलला, टोळी कर्नाटकात गेली आणि ही शाळा सुटली. त्याची पत्रं मात्र दहावीपर्यंत येत राहिली, बहुतेक गणितं सोडवलेली. आज मी शिक्षक आहे.

आता आमच्या भागात संत भगवानबाबा वसतिगृहं झालीत, काही मुलं गावाकडंच राहून शिकतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी मायबापाबरोबर आलेली पोरं अड्ड्यावर दिसतातच, त्यातही धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली. त्या आपण होऊन फाटकात येत नाहीत, कुणीतरी जाऊन आणावं लागतं. यंदा दिवाळीनंतर मी रजा टाकून येतोय, आम्ही दोघं अड्डे फिरणार आहोत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी बरोबर यावं. सकाळी टोळ्या फडात असतात, तेव्हा दुपारी चारनंतर या.