वर्दीतली वकिली आणि वर्दीनंतरची

लष्कराच्या जज अ‍ॅडव्होकेट जनरल या कायदेविषयक शाखेतील शॉर्ट सर्व्हिस कमिशनची (ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदाची) मुदत संपल्यावर मी सनद पुन्हा चालू करून घेतली आणि मुंबईत खासगी वकिली सुरू केली. दिवाणी प्रक्रिया पुन्हा अभ्यासावी लागली, पण ते वाचून जमते. एका बाजूने बोलणे मात्र फार उशिरा अंगवळणी पडले.

जनरल कोर्ट मार्शल या लष्करी न्यायालयात किमान पाच अधिकारी सदस्य असतात आणि आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम १२९ नुसार तेथे जज अ‍ॅडव्होकेट कायदेशीर सल्ल्यासाठी हजर असावाच लागतो. त्याला मताचा अधिकार नसतो. दोन्ही बाजूंचा पुरावा आणि त्याला लागू होणारा कायदा सदस्यांपुढे तटस्थपणे मांडून त्याने थांबायचे असते. सदस्य मत देतात ते कनिष्ठापासून चढत्या क्रमाने, जेणेकरून ब्रिगेडियरचे मत ऐकून कॅप्टनने आपले मत ठरवू नये. ही तरतूद मला आजही मोठ्या शहाणपणाची वाटते. एवढे होऊनही निर्णय लगेच अमलात येत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने तो कायम करावा लागतो आणि फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याचा अधिकारही त्याला असतो, हे ऐकून वकील मित्रांच्या भुवया अजूनही उंचावतात.

नोकरीतला बहुतेक वेळ अर्थात फायलींमध्ये गेला. आर्मी रूल्स, १९५४ मधील नियम २२ प्रमाणे कमांडिंग ऑफिसरने आरोपीसमोर आरोपाची सुनावणी घेतली का, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्करी चौकशीत, ज्याच्या चारित्र्यावर ठपका येणार होता त्याला नियम १८० नुसार साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी मिळाली का, हे आधी पाहायचे. साक्षीपुरावा त्यानंतर वाचायचा. कामठीच्या लष्करी विधी संस्थेत पक्का झालेला हा क्रम आजही मोडत नाही, कारण विशेषतः समरी कोर्ट मार्शलच्या प्रकरणांत तोच उपयोगी पडतो. तेथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. तो लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरिष्ठ असेल, तर एक वर्षापर्यंतचा कारावास देऊ शकतो, शिवाय जवानाला बडतर्फही करू शकतो. अशा कागदांत ‘गुन्हा कबूल’ ही नोंद दिसली की नियम ११५ प्रमाणे आरोपीला आरोपाचा आणि कबुलीच्या परिणामांचा अर्थ खरोखर समजावून दिला होता का, येथून मी सुरुवात करतो. पूर्वी हाच प्रश्न मी शिक्षा कायद्यात टिकेल की नाही हे वरिष्ठांना सांगण्यासाठी विचारत असे.

२००९ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरण सुरू झाले नसते, तर या अनुभवाला खासगी वकिलीत फारशी मागणी राहिली नसती, असे मला वाटते. त्यापूर्वी कोर्ट मार्शलविरुद्ध नियमित अपील नव्हतेच; १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्टपणे दाखवली होती.

तरीही माझ्याकडे येणारे बहुसंख्य पक्षकार कोर्ट मार्शलचे नसून डिसॅबिलिटी पेन्शनचे, म्हणजे सेवेत आलेल्या अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे, असतात, आणि त्यांत सातारा-कोल्हापूरकडचे निवृत्त जवान पुष्कळ. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे सामान्यतः गृहीत धरावे, हे धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये ठरले. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही वीस टक्के अपंगत्व पन्नास टक्के धरून पेन्शन मिळण्याचा मार्ग २०१४ च्या राम अवतार निकालाने मोकळा झाला. थकबाकी मात्र तरसेम सिंग निकालानुसार सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. पंधरा वर्षे थांबून आलेल्या नायक हुद्द्याच्या जवानाला हे पहिल्याच भेटीत सांगावे लागते, आणि जज अ‍ॅडव्होकेटच्या खुर्चीतून असे काही कोणाच्या तोंडावर सांगण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मग वकालतनाम्यावर सही होते आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस असेल, तर मेडिकल बोर्डाच्या कागदांसाठी पहिले पत्र बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जाते.