अथेन्स-स्पार्टा बघायला गेलो आणि मेसीनीत रमलो

अथेन्स विरुद्ध स्पार्टा ही जोडी शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली असते. लोकशाही, नाटकं आणि तत्त्वज्ञान म्हटलं की अथेन्स, आणि लाल झगे घातलेले पिळदार सैनिक म्हटलं की स्पार्टा. ग्रीसचा प्लॅन ठरला तेव्हा आमच्याही यादीत हीच दोन नावं सगळ्यात वर होती. पण आता परत आल्यावर मला अगदी मनापासून वाटतंय की या दोघांचं भांडण कळायला हवं असेल तर तिसऱ्याच लोकांच्या मागे जायला पाहिजे, ते म्हणजे मेसीनियन. स्पार्टाने यांची सगळी जमीन बळकावली आणि पिढ्यान् पिढ्या त्यांनाच त्या जमिनीवर राबवलं. आपल्याकडच्या टूर पॅकेजमध्ये हा भाग फारसा नसतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात अर्थातच अथेन्सपासून. अक्रोपोलिस बघा, बघायलाच पाहिजे, त्याबद्दल लाखो लोकांनी लिहिलंय. मी लिहिणार आहे खालच्या अगोराबद्दल. हा जुन्या अथेन्सचा बाजारचौक, कोर्टकचेऱ्या इथे, सरकारी कामं इथे, गप्पाही इथेच. तिथे अ‍ॅटलॉसचा स्टोआ म्हणून खांबांची लांबलचक इमारत आहे, ती १९५० च्या दशकात जुन्या पायावर नव्याने उभारली आणि आता तिच्यात म्युझियम आहे. म्युझियम छोटंच, पण तिथून पाय निघत नाही.

तिथे दगडाची एक पाटी आहे, तिला बारीक खाचांच्या ओळीच ओळी. हे त्यांचं सोडत काढायचं यंत्र. लोक आपापल्या नावाच्या चपट्या पट्ट्या त्या खाचांमध्ये लावायचे, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे, पांढरा गोळा आला की ती अख्खी ओळ त्या दिवशी ज्युरीत, काळा आला की ओळीतल्या सगळ्यांनी घरी जायचं. बहुतेक सरकारी पदंही सोडतीनेच भरली जायची. क्लाइस्थेनीजने इ.स.पू. ५०८-०७ मध्ये जी व्यवस्था लावली तिच्यात १० जमाती, प्रत्येकीतून ५० जण, असं ५०० जणांचं मंडळ वर्षभर कारभार बघायचं. सेनापती मात्र दहा, आणि ते निवडून द्यायचे, कारण युद्ध नशिबावर सोडून चालत नाही हे त्यांनाही कळत होतं. शेजारीच मातीची भांडी ठेवलीत, वरच्या भांड्यातून खालच्यात पाणी गळायला साधारण सहा मिनिटं लागतात, तेवढ्यात वकिली भाषण संपवायचं. आणि खापऱ्या! ज्याला शहरातून दहा वर्षांसाठी हाकलायचं त्याचं नाव खापरीवर खरडायचं, ६००० खापऱ्या पडल्याशिवाय निकाल धरायचा नाही. थेमिस्टोक्लीजचं नाव स्वच्छ वाचता येतं. ज्या माणसाच्या डोक्याने अथेन्सचं आरमार उभं राहिलं त्यालाच लोकांनी असं घालवलं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते एका ढालीसमोर. गोल, ब्राँझची, पार हिरवी पडलेली आणि चेपलेली, काही ठिकाणी पत्रा झिजून भोकं पडलीत. काठाला गोफासारखी नक्षी आहे आणि मधोमध टोचून काढलेली अक्षरं: अथेनियनांनी, लॅसेडिमोनियनांकडून, पायलॉसहून. लॅसेडिमोनियन म्हणजे स्पार्टावाले. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या मोठ्या युद्धात (पेलोपोनेशियन युद्ध) इ.स.पू. ४२५ मध्ये शरण आलेल्या स्पार्टन सैनिकांच्या ढाली अथेन्सने आणल्या, त्यातली ही एक. स्पार्टन आणि शरण, हे दोन शब्द तेव्हाच्या ग्रीक माणसाने एकत्र ऐकलेच नव्हते. म्हणून तर पुढे पायलॉसला जायचं ठरलं.

त्याआधी संध्याकाळी निक्सच्या टेकडीवर गेलो. पर्यटक सगळे अक्रोपोलिसवर, इथे फक्त कुत्री फिरवणारे स्थानिक लोक. खडकात कोरलेला चौथरा आहे, त्यावर उभं राहून पेरिक्लीजसारखे लोक बोलले आणि समोरच्या उतारावर बसलेल्या नागरिकांनी हात वर करून युद्ध की तह ते ठरवलं. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन राहिलेले व्यापारी-कारागीरही नाहीत. तरी एक गोष्ट खरी की गरीब नागरिकाला इथे आवाज होता आणि त्याचं कारण मला तरी युद्धातच दिसतं. तीन मजली वल्ह्यांच्या ट्रायरीम जहाजावर एकेका जहाजाला १७० वल्हेकरी लागायचे, ज्याला चिलखत परवडत नाही तोसुद्धा वल्हं मारून शहर वाचवत होता, मग त्याचं मत डावलणार कसं? ही जहाजं आली लॉरियनच्या चांदीतून, इ.स.पू. ४८३ च्या सुमारास मोठा साठा सापडला आणि थेमिस्टोक्लीजने ते पैसे वाटून खाण्याऐवजी जहाजांना लावायला लावले. त्या खाणींत मात्र गुलाम मरत होते. निकियास नावाच्या श्रीमंत सेनापतीने १००० गुलाम खाणीसाठी भाड्याने दिले होते, माणशी रोज एक ओबोल, म्हणजे चांदीचं एक छोटं नाणं. लोकशाहीचं कौतुक करताना हा हिशोब मला तरी विसरता येत नाही.

अथेन्सहून गाडी भाड्याने घेतली. कॉरिंथचा कालवा रस्त्यात लागतो, पाच मिनिटं थांबून फोटो काढला, पुढे त्रिपोली आणि मग खाली उतरत स्पार्टा.

आत्ताचं स्पार्टा शहर १८३४ मध्ये राजा ऑटोच्या हुकमाने वसवलेलं, सरळ रस्ते, रुंद फुटपाथ, स्पार्टाचा जुना राजा लिओनिडास याचा पुतळा. जुनं स्पार्टा शहराच्या उत्तरेला ऑलिव्हच्या बागेत आहे आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं थोडंच आहे, एक थिएटर आणि तेही रोमन काळातलं. थ्युसिडिडीज या त्या काळातल्या अथेन्सच्या इतिहासकाराने तेव्हाच लिहून ठेवलंय की हे शहर ओस पडलं तर नंतरच्या लोकांना नुसत्या पायांवरून त्याच्या ताकदीचा अंदाज यायचा नाही, आणि अथेन्सचं उलट, ते होतं त्याच्या दुप्पट वाटेल. मागे टायगेटसचा डोंगर मात्र असा काही उभाय की नजर हटत नाही, २४०० मीटरच्या वर, थेट शहराच्या डोक्यावर आल्यासारखा. वैभवाच्या काळात स्पार्टाला तटबंदीही नव्हती. बाहेरचा शत्रू इथवर येईल अशी भीतीच नव्हती, भीती होती ती घरातली.

कारभार कसा होता बघा. राजे दोन, दोन वेगवेगळ्या घराण्यांतले, एकमेकांवर लक्ष ठेवायला. साठीच्या पुढचे २८ म्हातारे आणि हे दोन राजे मिळून ३० जणांचं मंडळ. दरवर्षी पाच एफोर निवडायचे आणि ते राजालाही जाब विचारू शकायचे. मुलगा सात वर्षांचा झाला की आईपासून काढून प्रशिक्षणाला, आणि मोठा झाला की रोजचं रात्रीचं जेवण सामुदायिक खानावळीत. तिथे महिन्याला ठरलेलं सातू, वाइन, चीज, अंजीर द्यायचंच, नाही दिलं तर नागरिकत्व गेलं. बायकांकडे मात्र जमिनी होत्या, अ‍ॅरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ पाचपैकी दोन हिस्से, अथेन्सच्या बाईला असं स्वप्नातही मिळालं नसतं.

हे सगळं चालायचं कशावर? हेलटांवर, म्हणजे जमिनीला बांधलेल्या गुलाम शेतकऱ्यांवर. स्पार्टन पुरुष शेती करत नाही, धंदा करत नाही, फक्त कसरत आणि युद्ध, त्याच्या वाट्याची जमीन हेलट कसतो आणि पीक आणून देतो. थोडेफार हेलट इथल्याच खोऱ्यातले, पण फार मोठ्या संख्येने डोंगरापलीकडच्या मेसीनियातले. इ.स.पू. ४७९ च्या प्लाटीयाच्या लढाईत ५००० स्पार्टन होते आणि त्यांच्याबरोबर ३५,००० हेलट, असं हेरोडोटस सांगतो, एकास सात! म्हणून दरवर्षी एफोर पदावर आले की हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करायचे, म्हणजे हेलटाला मारलं तरी पाप लागत नाही. तरुण मुलांच्या गुप्त टोळ्या रात्री बाहेर पडायच्या ते याचसाठी.

थ्युसिडिडीजने एक प्रसंग दिलाय तो त्या ऑलिव्हच्या बागेत बसून मी बायकोला वाचून दाखवला. स्पार्टाने जाहीर केलं की युद्धात ज्यांनी सगळ्यात जास्त पराक्रम केला असं वाटतं त्या हेलटांनी पुढे यावं, त्यांना स्वतंत्र करतो. साधारण २००० जण निवडले. त्यांनी डोक्यावर माळा घातल्या, देवळांना प्रदक्षिणा घातली, आता आपण मोकळे झालो म्हणून. नंतर ते सगळे नाहीसे झाले आणि कोणाला कसं मारलं हे कोणालाच कळलं नाही. जो स्वतःहून पुढे येतो तोच उद्या बंड करेल, एवढा साधा हिशोब. लिओनिडासच्या पुतळ्यासमोर सेल्फी काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग माहीत असायला हवा असं मला वाटतं.

स्पार्टाहून कलामाताला लांगाडाच्या घाटातून जा, वळणावळणाचा असला तरी चालेल. पावसाळ्यातली हिरवाई वजा केली तर आपल्या वरंध घाटासारखाच, कडा कापून काढलेला रस्ता आणि खाली दरी. सुरुवातीलाच त्रिपी गावाजवळ कायदास नावाची कपार आहे, नको असलेली बाळं स्पार्टन इथे टाकायचे असं सांगतात, पण तिथे मिळालेली हाडं मोठ्या माणसांची आहेत. घाट उतरला की एकदम मोकळं सपाट हिरवं मैदान लागतं, ऑलिव्ह, अंजीर, पाणी. स्पार्टाला हे का हवं होतं ते गाडीच्या काचेतूनच कळतं.

पायलॉस समुद्रावर आहे, समोर स्फाक्टेरिया बेट लांबट पसरलंय आणि आत तळ्यासारखं शांत पाणी. इ.स.पू. ४२५ मध्ये अथेन्सचं आरमार वादळामुळे इथे अडकलं. डेमोस्थेनीज नावाच्या सेनापतीला इथे किल्ला बांधायचा होता, कोणी ऐकेना, मग रिकामं बसून कंटाळलेल्या सैनिकांनीच बांधायला घेतला, अवजारं नाहीत, चिखल वाहायला घमेली नाहीत, तर पाठीवर चिखल घेऊन मागे हाताची बोटं गुंफून धरायचे. सहा दिवसांत काम उरकलं. स्पार्टा धावत आलं, बेटावर ४२० जण उतरवले, आणि अथेन्सच्या जहाजांनी त्यांनाच बेटावर कोंडलं. त्यांना जेवण कोणी पोचवलं? हेलटांनी, स्वातंत्र्याच्या आश्वासनावर. काही जण पाण्याखालून पोहत जायचे, मागे दोरीला कातडी पिशव्या, त्यात मधात कालवलेली खसखस आणि कुटलेलं जवस.

शेवटी अथेन्सने बेटावर माणसं उतरवली, तिरंदाज आणि भालाफेके जास्त. बेटावरचं जंगल आधीच जळलेलं होतं, पळापळीत राख उडायला लागली, जड चिलखतातल्या स्पार्टनांना समोरचं दिसेना, ते उत्तरेच्या टोकाला मागे सरकले आणि तिथे चिवटपणे लढले. कोंडी फोडली ती एका मेसीनियन सरदाराने. पूर्वी बंड करून सुटलेल्या मेसीनियनांना अथेन्सने नॉपाक्टस नावाच्या बंदरात वसवलं होतं, त्यांच्यातला हा. म्हणाला थोडे तिरंदाज द्या, आणि कड्यावरून वाट काढत सगळ्यांच्या पाठीमागे डोक्यावर जाऊन उभा राहिला. २९२ जण जिवंत हाती लागले, त्यातले सुमारे १२० अस्सल स्पार्टन नागरिक. एवढ्याशा माणसांसाठी स्पार्टा तहाच्या विनवण्या करत राहिलं कारण मुळात नागरिकच कमी उरले होते, आणि ॲटिकावर, म्हणजे अथेन्सभोवतीच्या प्रदेशावर, चाल केलीत तर यांना मारू असं अथेन्सने सांगितल्यावर त्यांच्या दरवर्षीच्या स्वाऱ्या थांबल्या. आम्ही वर पालेओकास्ट्रोच्या किल्ल्यावर चढलो, तिथून बेटाचं ते उत्तरेचं टोक अगदी समोर दिसतं, कडा इतका सरळसोट आहे की त्या माणसाने पाय कुठे ठेवले असतील तेच शोधत मी बराच वेळ उभा होतो.

युद्ध इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टाने जिंकलं तरीसुद्धा. पण आतली गळती थांबली नाही, खानावळीची वर्गणी देऊ न शकणारे नागरिक गळत गेले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला थीब्ज या दुसऱ्या ग्रीक शहराच्या एपामिनोंडास नावाच्या सेनापतीने त्यांना हरवलं तेव्हा लढाईत ७०० स्पार्टन होते, त्यातले ४०० पडले. मग एपामिनोंडास थेट स्पार्टाच्या प्रदेशात घुसला, मेसीनियन मोकळे केले आणि इथोमी डोंगराच्या पायथ्याशी इ.स.पू. ३६९ मध्ये त्यांना शहर उभारून दिलं, मेसीनी.

हे शहर बघून मी खरंच भारावलो. मावरोमाती गावातून खाली उतरलं की थिएटर, बाजारचौक, अस्क्लेपियसचं देऊळ आणि सगळ्यात खाली खांबांनी वेढलेलं स्टेडियम, इतकं पूर्ण की पायऱ्यांवर बसून बघता येतं. तटबंदी सुमारे ९ किलोमीटर, डोंगरावरून चढत गेलेली. अर्केडियन दरवाजाला आत गोल चौक आहे, चुना-माती न घालता एकावर एक बसवलेले चिरे, आणि दरवाजावरची प्रचंड शिळा तिरकी होऊन टेकलेली. चिऱ्यांच्या सांध्यात नख जात नाही, मी घालून बघितलं. स्पार्टाच्या डोंगराकडे तोंड करून पिढ्यान् पिढ्या मार खाल्लेल्या लोकांनी पहिली गोष्ट काय बांधली तर ही भिंत, आणि ती आजही उभी आहे.

तिथून ऑलिंपियाला गेलात तर म्युझियममध्ये पायोनियसची नाइके नक्की बघा, वाऱ्यात कपडे फडफडत खाली उतरणारी विजयदेवता. मेसीनियन आणि नॉपाक्टसवाल्यांनी शत्रूंच्या लुटीचा दहावा हिस्सा घालून ती झ्यूसला वाहिली. पुतळ्याच्या कोरीव लेखात शत्रूचं नाव घातलेलं नाही. पुतळा त्यांनी झ्यूसच्या देवळासमोरच एका उंच खांबावर बसवला, आणि त्याच देवळाच्या माथ्यावर स्पार्टाने तानाग्राच्या लढाईत अथेन्सवर मिळवलेल्या विजयाची सोन्याची ढाल आधीच लावून ठेवली होती.

जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा, मेसीनीत सावली कमी आहे. स्पार्टाला एक रात्र पुरे, मेसीनीला मात्र अख्खी सकाळ ठेवा, पाणी बरोबर घ्या. अर्केडियन दरवाजा मुख्य उत्खननापासून बाजूला आहे, त्यातून आजही गाड्यांचा रस्ता जातो, त्यामुळे तो संध्याकाळी उशिरा गेलात तरी बघता येतो.