घरचं चांगलं असताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता विचारलंत, परवा दांडिया बाजारात भाजी निवडतानाही विचारलंत: "घरचं इतकं चांगलं असताना तू या महारोग्यांच्या कामात कशी पडलीस गं?" माझा भाऊ कोयलीच्या रिफायनरीत इंजिनिअर झाला. त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुला असं काय दुःख झालं होतं.

तुम्हाला कुठलं उत्तर आवडेल तेही मला ठाऊक आहे. एक तर देवाधर्माचं, नाहीतर बाबासाहेबांचं. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली म्हणून आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले, हे आपण बडोद्याचे मराठी लोक छाती पुढे काढून सांगतो. माझे आजोबाही सांगायचे. 1917 मध्ये ते इथे नोकरीला आले तेव्हा पुढे काय झालं, ते मात्र आजोबांनी कधी सांगितलं नाही. राहायला जागा मिळेना. पारशांच्या सराईत पारशी म्हणून राहिले, तर लाठ्या घेऊन माणसं आली. एका हिंदू मित्राकडे गेले, तर तो म्हणाला की तू घरात आलास तर माझे नोकर निघून जातील. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे मला कळलं फतेगंजला, विद्यापीठातल्या समाजकार्याच्या वर्गात. संताप आलाच. पण त्या वर्गात मी त्याआधीच जाऊन बसले होते, तेव्हा ते उत्तर बाद.

आमच्या घरात आत्या होती. वाड्यात वरच्या मजल्यावर राहायची ती. गल्लीला सांगितलेलं होतं की तिला 'त्वचेचा विकार' आहे, उन्हात जायचं नाही. हवापालटासाठी म्हणून माहेरी आली, ती सासरच्यांनी परत नेलीच नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, 2019 मध्ये ते काढून टाकलं. त्या लोकांना कायद्याची गरजच पडली नाही. न्यायला आले नाहीत, संपलं. डॉक्टर अंधार पडल्यावर घरी यायचे. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनच्या गोळ्या बोर्नव्हिटाच्या डब्यात असायच्या. घरातल्या सगळ्या स्टीलवर आजोबांचं नाव कोरलेलं होतं, आत्याच्या ताटावर नेलपॉलिशचा एक ठिपका. ते ताट रोज आमची भांडीवाली बेन घासायची. तिलाही त्वचेचा विकारच सांगितला होता.

1984 च्या सुमाराची गोष्ट, मी शाळेत होते. बेनने चुलीवरचं पातेलं फडकं न घेता उतरवलं आणि मोरीत नेऊन ठेवलं. आजी तांदूळ निवडत होती. तिची नजर बेनच्या बोटांवर गेली. फोड आला होता, आणि बेनचा आपला माहेरच्या लग्नाचा विषय चालूच. आजीने विचारलं, "दुखतुं नथी?" बेन हसून म्हणाली, "ना बा, कंई थतुं नथी." आजी उठली. देवघरातून एक फुलवात आणली, बेनला डोळे मिटायला लावले आणि तिच्या कोपरावरच्या फिकट चट्ट्यावरून ती वात हळूच फिरवली. "क्यां अडी?" बेन डोळे मिटून तशीच बसून राहिली. आजीने पुन्हा फिरवली. बेन म्हणाली, "अडाडो तो खरां, बा!" म्हणजे, आधी लावा तरी.

ही परीक्षा आजीला कुणी शिकवली होती? आत्याच्या डॉक्टरांनी. वरच्या मजल्यावर दर महिन्याला तेच चालायचं, दाराच्या फटीतून मीही पाहिलेलं होतं. साऱ्या गल्लीत बधिर चट्ट्याचं ते लक्षण ओळखणारं घर एकच होतं, आमचं.

"बेन, कालथी ना आवता." उद्यापासून येऊ नको. महिन्याचा पूर्ण पगार दिला, वर पाच रुपये. हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. बेन विचारत राहिली, "बा, शुं थयुं? में शुं कर्युं?" आजीने तिला काहीच सांगितलं नाही. शेजारी मात्र सांगितलं. दिवेलागणीपर्यंत बेनची गल्लीतली सगळी घरं सुटली होती.

भांडी तशीच पडली होती. मग आत्या खाली आली. दिवसाउजेडी तिला मोरीशी बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. राख घेतली आणि सगळी भांडी घासली, आजोबांच्या नावाची, आमच्या सगळ्यांची. तिची करंगळी आणि शेजारचं बोट वळत नव्हतं, त्यामुळे वाटी सारखी निसटत होती. आजी उभी राहून बघत होती, एक शब्द बोलली नाही. आत्या वर गेली. आजीने बंबातलं कढत पाणी काढलं आणि तीच भांडी पुन्हा धुतली.

आता म्हणाल, आजी दुष्ट होती. म्हणू नका. धाकट्या आत्याचं लग्न ठरायचं होतं, आणि वरच्या मजल्याची बातमी फुटली असती तर ते ठरलं नसतं. हे तुम्हालाही माहीत आहे, कारण ते तुमच्याच घरांत ठरायचं होतं. पण मग बेनला एक वाक्य सांगायला काय जात होतं? 'सरकारी दवाखान्यात जा, गोळ्या फुकट मिळतात.' तेवढं सांगितलं असतं तरी आमचं गुपित शाबूत राहिलं असतं. की नसतं राहिलं? तुला कसं ठाऊक, असं बेनने विचारलं असतं तर?

वर्गात शिकल्यावर कळलं की भांड्यांतून हा रोग पसरत नाही. शंभरातल्या पंचाण्णव जणांना जन्मतःच त्याच्याशी लढायची ताकद असते. लागण झाली तरी दिसायला वर्षं जातात, कधी वीससुद्धा. म्हणजे बेनला तो कुणाकडून आला याचा हिशेब लागत नाही. आमच्याकडून म्हणून मी रडायचं कारण नाही, आणि तिच्याकडून म्हणून आजीने भांडी उकळायचंही नाही.

फतेगंजला मुलाखतीत मी "गोरगरिबांची सेवा" असं काहीतरी बोलले होते. नंतर कुणी विचारलं की बेनची गोष्ट सांगायचे, आत्या गाळून. बाविशीतली ती मुलगी, म्हणजे तेव्हाची मी, आज समोर असती तर म्हणाली असती: आत्या गेली, आजी गेली, म्हणून तुला आता तोंड फुटलंय. असेल. मी तिला म्हणेन की तू बेनचं दुःख सांगून टाळ्या घेतल्यास, घराची अब्रूही राखलीस. यावर ती गप्प बसणारी नाही, माझ्यासारखीच आहे.

दया म्हणाल तर माझ्यात बेताचीच आहे. पेशंट गोळ्या चुकवतो तेव्हा मी ओरडते. माझं काम म्हणजे बरंचसं ते न सांगितलेलं वाक्य सांगत फिरणं. बहुविध औषधोपचार, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देणं, जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्येच सुचवला होता. जास्त चट्टे असतील तर बारा महिने गोळ्यांचं तांबडं पाकीट, औषध फुकट, आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत माणसाकडून लागण होण्याची भीती उरत नाही. 2005 च्या अखेरीस निर्मूलन झालं, असं देशाने जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. आमच्या दारात येणारे त्या 'एकापेक्षा कमी'तले.

त्यांच्यातही वरचा मजला आणि मोरी आहेच. मोटारीतून येणारे दुसऱ्या तालुक्यातून येतात, म्हणजे ओळखीचं कुणी भेटत नाही. पाकीट फाडून गोळ्या सुट्या मागतात. मकरपुऱ्याच्या कारखान्यातला कंत्राटी मजूर गोळ्या लपवूही शकतो, पण पाकिटातल्या क्लोफाझिमिन या औषधाने अंग काळवंडतं ते कसं लपवणार? औषध बंद झालं की रंग हळूहळू परत येतो, हे मी त्याच्या मुकादमाला सांगायला जाते. मुकादम मान डोलावतो. कधी कामावर ठेवतो, कधी नाही.

हा मजकूर भावाने वाचला. म्हणाला, छान लिहिलंयस, पण दिवाळीनंतर छापायला दे, पोरीला पुण्याचं स्थळ आलंय. मी थेट भाचीलाच वाचायला दिलं. ती म्हणाली, "आत्या, द्यायचं तर दे. पण त्यांनी विचारलं तर उत्तर मी नाही देणार, तू द्यायचंस." मग दिलं. पुण्याहून अजून फोन आलेला नाही.