चक्कीवाल्याच्या घरची चकली

आमच्या घरी दिवाळीत चकली होत नाही. म्हणजे असते, चांगली दोन डबे भरून असते, पण घरी केलेली नसते. नागपूरला ऑफिसात हे सांगितलं की लोक म्हणतात काहून बे, तुमची तर स्वतःची चक्की आहे ना, पीठ घरचं, मग काय झालं? आता यांना काय सांगावं, चक्की आहे म्हणूनच तर होत नाही. वसुबारसेच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडची गर्दी ज्यानं पाहिली तो असा प्रश्न विचारणारच नाही. बाबा सकाळी सहाला स्टार्टर दाबतात ते रात्री अकराला बंद करतात, आई तोलते आणि डबे लावते, आणि आम्ही पोट्टे लहानपणी डब्यांच्या लाईनवर नजर ठेवायला, कारण कोणी ना कोणी आपला डबा हळूच पायानं पुढे सरकवतेच. आणि पकडलं की म्हणणार, मी नाई सरकवला, मांजर गेली असन.

गाव आमचं आर्वीकडचं, वर्धा जिल्हा. कापूस, सोयाबीन, तूर, झालं. चक्की आजोबांनी टाकली तेव्हा ती डिझेल इंजिनवर चालायची. इंजिन थंड राहावं म्हणून बाजूला पाण्याचा हौद होता आणि इंजिनातून फिरून आलेलं पाणी त्यात गरमच पडायचं. आजी सांगायची, दिवाळीत रात्रभर दळण चाललं की पहाटेपर्यंत हौद कढत, मग नरकचतुर्दशीला अर्धा मोहल्ला बादल्या घेऊन दारात, तेवढंच सरपण वाचलं. पाण्याला थोडा डिझेलचा वास यायचा पण उटणं लावल्यावर काय कळते, असं तिचं म्हणणं. (मला वाटते चांगलंच कळत असेल.) मी पाहिली ती मोटरवरचीच चक्की, दहा एचपी, थ्री फेज. २००६-०७ च्या लोडशेडिंगच्या दिवसात लाईन रात्री दोनला आली तर दोनला उठून दळायचं, आणि मोटरचा आवाज ऐकून बाया झोपेतून उठून पीठ घ्यायला यायच्या, कोणाला बोलवायला जावं लागत नव्हतं. शाळेत मला पोरं म्हातारा म्हणत, कारण डोक्यावर कायमच थोडं पीठ.

दिवाळीचं दळण म्हणजे रोजच्या गव्हा-ज्वारीसारखं सरळ काम नाही. त्याचा एक क्रम असतो आणि त्या क्रमावरून बाबा भल्याभल्यांचं ऐकत नाहीत. बेसन दळलं की लगेच ज्वारी टाकायची नाही, नाहीतर त्या बिचाऱ्या बाईची भाकर पिवळी. भाजणी शक्यतो एका मागं एक, म्हणजे मागच्या भाजणीचं उरलंसुरलं पुढच्या भाजणीतच जाते, बिघडत काही नाही. दगडाला नवीन टाकी लावली असेल, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडल्या असतील, तर पहिलं दळण आमच्याच घरचं भरडं, त्यात कच येते, ते गाईला. आणि अनारशाचा तांदूळ तर बिलकुल नाही. तो तीन दिवस भिजवलेला, वरून कोरडा दिसते पण आत ओल असते, दगड असे लिपून जातात की पुढचे दोन तास खरवडत बसा. दरवर्षी दोघी-तिघी तरी पदराखाली झाकून आणतातच. बाबा मुठीत तांदूळ घेतात, दाबतात, मूठ उघडतात, आणि काही न बोलता डबा परत करतात. "भाऊ, वाळवला ना हो चांगला, किलोभरच तर आहे." "वहिनी, मिक्सरमधून काढा."

चक्कीच्या दारावर पाटी आहे, आज नगद कल उधार. विदर्भात अशी पाटी हिंदीतच असते, का ते मला अजून कळलं नाही. आणि त्याच पाटीच्या खिळ्याला दोरीनं उधारीची वही लटकते. बाबांचा हिशोब असा की सोयाबीनवर दिवाळी आणि कापसावर उधारी. सोयाबीन दसऱ्याच्या आगंमागं निघते, लगेच बाजारात जाते, त्यावर तेल-साखर-कपडे होतात. कापूस तेव्हा कुठं सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन वेचायला लागलेला असतो, त्याचा पैसा हाती यायला डिसेंबर-जानेवारी. म्हणून दळणाचे पैसे लोक कापसावर टाकतात. आता सोयाबीननं हात दिला तर ठीक. २०१९ ला दिवाळीतच पाऊस, गंजी भिजल्या, शेंगांना जागेवर कोंब. २०२४ ला हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. अशा वर्षी वही एकदम जाड होते. बाबा वहीत किलो, भाव, रुपये सगळं लिहितात, अक्षर मोत्यासारखं, पण काही नावांपुढं नुसतं किलो लिहिलेलं असते आणि पुढचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणतात, राहिला असन लिहाचा. वीस वर्ष झाली त्यांचं त्याच-त्याच नावांपुढं लिहायचं राहते.

आईची वही नाही. तिचा हिशोब ताटांचा. धनत्रयोदशीच्या संध्याकाळपासून ताटं यायला लागतात, वर क्रोशाचा रुमाल, खाली चकली, शेव, करंजी, चिवडा. ज्यांनी ज्यांनी भाजणी दळून नेली त्यांच्या घरून येणारच, असा काही नियम कोणी केला नाही पण येतात. आमच्याकडं करायला वेळ नाही हे सगळ्यांना माहीत. मी तर लहानपणी चकलीवरून घर ओळखायचो. ओवा जास्त म्हणजे मास्तरीणबाई. काटा नाही, सरळसोट, म्हणजे त्यांच्या सोऱ्याची चकती घासलेली, ते पांदणीकडचं घर. मधून कच्ची म्हणजे नवीन सून आली. आणि एक घर असं की त्यांची चकली चावायची तर आधी दातांची परवानगी घ्यावी लागे, ती आम्ही चहात बुडवून खायचो, पण संपवायचो, कारण त्या काकू स्वतः विचारायला येत.

आता ताट रिकामं परत करायचं नाही, हे तर आपल्याकडं सगळीकडंच आहे. पण आमच्याकडं फराळच नाही तर परत काय द्यायचं? तर आई प्रत्येक ताटात वाटीभर बेसन, नाहीतर तांदळाचं पीठ घालून पाठवते. म्हणजे बघा, त्यांनी दाणे आणले, आम्ही पीठ केलं, त्यांनी चकली केली, आमच्याकडं आली, आम्ही पुन्हा पीठ पाठवलं, दोन दिवसांनी त्याची भजी होऊन परत दारात. बाबा एकदा वैतागून म्हणाले, हे पीठ गावात फिरूनच राहिलं नुसतं, पोटात कोनाच्या जाते?

यातलं मला सगळ्यात आठवते ते २०२२ चं साल. त्या दिवाळीला सरकारनं रेशनवर आनंदाचा शिधा काढला होता, शंभर रुपयात किलो रवा, किलो साखर, किलो हरभरा डाळ आणि लिटरभर पामतेल. ज्यांच्याकडं तो आला त्या बाया डाळीची पुडी घेऊन थेट चक्कीवर. एका सकाळी तेवीस पुड्या. आता ज्यानं चक्की चालवली त्यालाच याचं दुखणं कळन. एक किलो डाळ एकटी टाकली तर पाव-अर्धा किलो दगडात आणि कापडाच्या सोंडेतच अडकून बसते, पुढच्याच्या डाळीबरोबर निघते. म्हणजे पहिल्या बाईचं नुकसान आणि दुसरीचा फायदा, आणि तेवीस वेळा हा तमाशा. वीस किलोच्या दळणात ही तूट कोणाला दिसत नाही, एका किलोत डोळ्यात भरते.

बाबा म्हणाले सगळ्या एकत्र ओता, दळू, आणि किलो-किलो तोलून देतो. झालं, गोंधळ सुरू. "माही डाळ मी निवडून आणली, तिच्या डाळीत नोका टाकू." "अवं बाई, एकाच दुकानातली, एकाच पोत्यातली डाळ, तुह्या पुडीत काय सोनं होतं?" हे एक बरं होतं, डाळ सगळ्यांची एकच होती, उच्च-नीच करायला जागाच नव्हती. ते मिटलं तर दुसरं निघालं. बारीक दळायचं का रवाळ? शेवेले बारीक लागते, लाडवाले रवाळ लागते. अर्ध्या बाया शेवेच्या बाजूनं, अर्ध्या लाडवाच्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एवढी चर्चा मी ऐकली नाही. एकीनं तर सांगितलं की तिच्या घरी कोणाले डायबिटीस आहे म्हणून शेवच, आणि दुसरी म्हणाली मग त्याले तेल चालते का. शेवटी हात वर करून मोजले, शेववाल्या बारा, लाडूवाल्या अकरा. बाबांनी दगड जवळ घेतले, बारीक दळलं. लाडूवाल्या पुटपुटत बसल्या की आता लाडू टाळूला चिकटतीन.

दळून झालं, आईनं तोलायला घेतलं. तेवीस किलोतून तूट जाऊन किलो-दीड किलो तरी कमी भरायला पाहिजे होतं. पण शेवटच्या बाईलाही किलो भरलं, वर काटा थोडा झुकताच. कोणीतरी विचारलं तर बाबा म्हणाले, मशीनमंधी कालचं अटकून होतं ते निघालं. मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो, मला काही वाटलं नाही. संध्याकाळी आई पिठाचे डबे हलवून पाहत होती, एक हलवला, दुसरा हलवला, मग बाबांकडं पाहिलं. बाबा वही उघडून बसले होते आणि वहीत काहीच लिहीत नव्हते. आईनं लाडवासाठी म्हणून दोन किलो बेसन वेगळं काढून ठेवलं होतं, आणि वर्षातून एकच पदार्थ ती घरी करायची, बेसनाचे लाडू. त्या वर्षी तेही नाही. ती बोलली काही नाही, पण चहा मात्र बिनसाखरेचा दिला.

आणि मग दोन दिवसांनी ताटं यायला लागली. तेवीसच्या तेवीस आली असं नाही, सोळा-सतरा आली असतील. एकच बेसन, एकाच दगडातून निघालेलं, तेल पण तेच रेशनचं, आणि एकाची शेव दुसऱ्यासारखी नाही. कोणाची लसणाची, कोणाची नुसती हळद-मीठ, कोणाची इतकी तिखट की नक्की घरात भिवापुरी मिरची आहे. लाडू तर काय सांगू, बारीक बेसनाचे असून एकीनं त्यात रवा भाजून टाकला होता, एकीनं शेंगदाण्याचा कूट, आणि एकीचे खरंच टाळूला चिकटले. बाबा प्रत्येक ताटातलं चाखून म्हणत, पीठ जमलं बरं का. जसं काही बाकी कोणी काही केलंच नाही. आईनं परत द्यायला त्या वर्षी बेसन नव्हतं म्हणून ताटात तांदळाचं पीठ घातलं, आणि शेवटच्या दोन ताटांना तेही पुरलं नाही तर परसातल्या वांग्याच्या झाडाची वांगी. दिवाळीच्या ताटात वांगी! पण घेणाऱ्यांनी हसत घेतली, दुसऱ्या दिवशी गायगोधनाला त्यांच्याकडं भरीत झालं म्हणे.

आता गावात घरघंट्या आल्या. कपाटासारखी मशीन, वरून दाणे टाका, खालून पीठ, सासू टीव्ही पाहते तोवर दळण तयार. आमचा मोहल्ला धरून बारा-पंधरा घरी तरी असन. बाबांना त्याचा फार राग नाही, म्हणतात खेळणं आहे, भाजणी त्यात जळते. जळत बिळत नाही काही, पण असू दे. गर्दी कमी झाली हे खरं, यंदा रात्री आठलाच चक्की बंद. आणि ज्या घरांचं दळण येत नाही तिथून ताट येणंही हळूहळू कमी झालं, त्यात कोणाची चूक नाही, घरासमोरून जाणंच होत नाही तर आठवण तरी कशी राहणार.

तर यंदा आईला पहिल्यांदा वेळ मिळाला. आणि तिनं ठरवलं चकली करायची. सासष्टाव्या वर्षी. आर्वीच्या बाजारातून पितळी सोऱ्या आणला, बाबांनी स्वतः उभं राहून भाजणी दळून दिली, तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद-मूग एक-एक, धणे-जिरे, जशी गावाला चाळीस वर्षं दळून दिली तशीच. मी फोन काढून व्हिडिओ घ्यायला उभा. पहिली चकली तेलात गेली आणि गेली ती गेलीच. विरघळली. दुसरी पण. तिसरीचा तर पत्ताच नाही, कढईत नुसता फेस आणि तळाशी चुरा. सगळ्या गावाची भाजणी तोललेली बाई कढईसमोर हातात झारा घेऊन उभी आणि तोंडातून शब्द नाही.

वासावर का आवाजावर, शेजारच्या काकू आल्या. कढईत पाहिलं, उंड्याला बोट लावलं. "मोहन किती घातलं वं?" मोहन म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, ते जास्त झालं की चकली अशीच विरघळते. आईनं सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला. मग काही न बोलता परात उचलली, सोऱ्या उचलला, सगळं घेऊन आपल्या घरी. आई मागून म्हणत राहिली अवं ठेव, मी करतो, ठेव ना. दोन तासांनी ताट आलं, क्रोशाचा रुमाल, खाली चकल्या, काटेरी, खमंग, एक पण तुटलेली नाही.

आईनं ताट रिकामं केलं आणि धुऊन ओट्यावर ठेवलं. परत द्यायला काहीतरी पाहिजे होतं, ती डबे उघडून-उघडून पाहत होती. बाबा तेवढ्यात दुसरी चकली घेऊन म्हणाले, पाह्य, मी म्हणत होतो ना, पीठ बरोबर होतं.