ग्रहणाचा डाग

माझ्या लेकीच्या कपाळापासून डाव्या पापणीपर्यंत जन्मतःच जांभळट-लाल डाग आहे. सासूबाईंचं एकच पालुपद, "ग्रहणात तू विळी धरलीस." गड्ड्याच्या जत्रेत एक बाई तर थांबूनच विचारती झाली, "पोरगी भाजली का ओ?"

सातव्या महिन्यात तिचा उजवा हात थाडथाड उडायला लागला. फिट! एमआरआय झाल्यावर नाव कळलं, स्टर्ज-वेबर. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या. दोष डावीकडे, म्हणून झटके उजवीकडे. पोटात असतानाच काही पेशींपुरता जनुकात बदल होतो, त्याचा हा खेळ. जीएनएक्यू हे ते जनुक, २०१३ साली सापडलं. आईबापाकडून येत नाही. हे वाक्य सासूबाईंना मी दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानंच.

डोळ्याचं मात्र आधी कुणी बोललंच नव्हतं. पापणीवर डाग असला की काचबिंदूचा धोका, म्हणून ठरावीक महिन्यांनी दाब मोजून घेतो. आता चार वर्षांची आहे. थेंब घालताना हात ढकलते, मग शेंगापोळीचा तुकडा दाखवावा लागतो. तुकडा आधी, थेंब नंतर, हा तिचा नियम.